संबळ गेला सातासमुद्रापार, आणि आला पुढच्याच विमानानं परत

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. वाचून झाल्यावर मला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, कारण यातली पहिली चूक माझी आहे.

गेल्या वर्षी मी एक बातमी केली होती. तीन कॉलमी, फोटोसकट. मथळा होता, 'सिन्नरचा संबळ घुमणार सातासमुद्रापार'. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती शेअर केली. आडवा फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर मधे आबांचा फोटो बोटभर आणि कडेनं शुभेच्छुकांचे हातभर. (आबा हे त्यांचं नाव नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही.) आबा म्हणजे आपल्या तालुक्याच्या पूर्व भागातले गोंधळी. वय साठीकडे झुकलेलं. संबळ त्यांच्या आजोबांचा, तांब्याचा. त्यांच्या हातात तो वाजायला लागला की लग्नघरातली लहान पोरंसुद्धा गप्प बसतात, हे मी स्वतः पाहिलंय.

अमेरिकेतल्या एका शहरातल्या मराठी मंडळानं त्यांना गणेशोत्सवासाठी बोलावलं. जाण्या-येण्याचं तिकीट, राहणं-जेवण आणि दीड हजार डॉलर रोख. आबांच्या घरात हा आकडा ऐकल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. घराचा पत्रा बदलायचा होता, नातीची फी भरायची होती.

मंडळाच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, "व्हिजिटर व्हिसा काढा. फॉर्मवर पर्यटन लिहा. तो तुमचा लांबचा पुतण्या आहे ना डॅलसला, त्याच्याकडे चाललोय म्हणा. कार्यक्रमाचं काही बोलू नका, उगाच गुंता होतो. सगळे असेच येतात."

आबांना इंग्रजी येत नाही. फॉर्म कुणी भरला? मी भरला. माझ्याच ऑफिसात, माझ्याच कॉम्प्युटरवर. 'प्रवासाचा उद्देश' या रकान्यात पर्यटन मी निवडलं. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, वीस वर्षं तहसील आणि पोलीस स्टेशनच्या बातम्या करणारा मी, एका सरकारी कागदावर खोटं लिहितोय हे मला कळत नव्हतं असं नाही. पण 'सगळे असेच जातात' हे वाक्य इतकं गोड असतं की त्याखाली सगळं झाकलं जातं.

व्हिसा मिळाला. आबा गेले. संबळ गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधला होता.

तिकडच्या विमानतळावर बॅग उघडली. अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? आबांनी सांगितलं, संबळ. फिरायला आलात तर हे कशाला? आबा म्हणाले, मी कुठंही गेलो तरी तो बरोबर असतो. ते खरंच होतं. मग त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. फोनवर दुभाषा दिला. मोबाइल मागितला. मोबाइलमध्ये मंडळाचं रंगीत पोस्टर, आबांचा फोटो, तारीख, वेळ, तिकिटाचा दर, आणि खाली त्या भल्या माणसाचा मेसेज: पैसे कार्यक्रम झाल्यावर हातात देऊ.

रात्रभर खोलीत बसवलं आणि पुढच्या विमानानं परत पाठवलं. पाच वर्षं अमेरिकेत येऊ नये असा शिक्का. चुकीची माहिती देऊन व्हिसा घेतल्याचा ठपका वेगळाच. तो एकदा बसला की कायमचा असतो, सवलतीचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय निघत नाही.

आबांनी परत आणलेले कागद मी वाचले. प्रश्न आणि उत्तरं टाइप केलेली आहेत, प्रत्येक पानावर आबांची सही. त्यात एक प्रश्न आहे: तुमचा अर्ज कुणी भरला? उत्तर आहे: आमच्या गावच्या पत्रकारानं.

ते पान वाचल्यापासून ही पोस्ट डोक्यात आहे.

आता मंडळानं काय केलं ते ऐका. कार्यक्रम झाला. संबळाऐवजी कीबोर्डवर संबळाचा आवाज काढला म्हणे. आबांना एक मेसेज आला, "सो सॉरी काका, बाप्पाची इच्छा." बाप्पाला कशाला मधे ओढता? बाप्पानं सांगितलं होतं का खोटं लिहा म्हणून?

मंडळाचं नाव लिहीत नाही. का, ते सांगतो. नाव लिहिलं की तुम्ही सगळे त्या एका मंडळावर तुटून पडाल आणि बाकीचे सुटतील. ही एका मंडळाची गोष्ट नाही, ही सवय आहे. आणि माझं म्हणणं सरळ आहे: कलाकाराला बोलावणाऱ्यानं कायदेशीर कागद करायचा असतो. तो करत नसेल, तर तो पैसे वाचवत नाही, आपला धोका गरिबाच्या डोक्यावर ठेवतो. कार्यक्रम झाला तर टाळ्या मंडळाला, फसला तर शिक्का आबांच्या पासपोर्टवर.

कुणी म्हणेल, कायदाच तसा किचकट आहे. मीही तेच म्हणायचो. मग गेले तीन-चार महिने बसून वाचलं, दोन वकिलांशी बोललो. जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो.

अमेरिकेचा बी-१/बी-२ हा व्हिजिटर व्हिसा. धंदेवाईक कलाकारानं त्यावर कार्यक्रम करून पैसे घ्यायचे नाहीत. इतकंच नाही, 'मानधन नको, नुसती सेवा म्हणून वाजवतो' म्हटलं तरी धंदेवाईक कलाकाराला साधारणपणे ती सूट नाही. हौशी माणूस एखाद्या सामाजिक कार्यक्रमात फुकट गायला तर गोष्ट वेगळी. ज्याचं पोटच संबळावर चालतं त्याला हौशी कसं म्हणायचं?

मग त्याच्यासाठी काय? पी-३ नावाचा व्हिसा. हा खास अशा कलाकारांसाठी आहे ज्यांची कला एखाद्या समाजाची, संस्कृतीची स्वतःची, वेगळी आहे. यात जगप्रसिद्ध असावं लागत नाही. पुरस्कारांची रांग लागत नाही. गोंधळ, जागरण, भारूड, पोवाडा, लावणी: नियम वाचताना मला वाटलं, हा व्हिसा जणू आपल्या गोंधळ्यांसाठीच लिहिलाय! आबांचं काम त्यात चपखल बसत होतं. खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं सांगितलं असतं तर तेच त्यांचं भांडवल होतं. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

पण हा अर्ज कलाकार करू शकत नाही. तो तिथल्या बोलावणाऱ्यानं करायचा असतो, आय-१२९ नावाच्या फॉर्मवर. त्याला लेखी करार जोडायचा, कार्यक्रमांच्या तारखा द्यायच्या, कला वैशिष्ट्यपूर्ण असल्याची जाणकारांची पत्रं आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं लावायची, आणि तिथल्या कलाकारांच्या संघटनेचं मत घ्यायचं. कार्यक्रमाच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. म्हणजे गणपतीत गोंधळी हवा असेल तर संक्रांतीला कामाला लागा. गोकुळाष्टमीला आठवण झाली तर मग पर्यटनच लिहावं लागतं.

'मंडळं सेवाभावी आहेत हो, एवढा पैसा कुठून आणणार?' हा प्रश्न येणारच, म्हणून हिशोब मांडतो. २०२४ च्या एप्रिलपासून पी गटाच्या अर्जाची फी १,०१५ डॉलर झाली. पण ना-नफा संस्थेला आणि छोट्या संस्थेला ५१०. निर्वासितांच्या नावानं जी वेगळी फी लावली, ती ना-नफा संस्थेला शून्य. एका अर्जात २५ पर्यंत कलाकार बसतात. वर माणशी व्हिसाची फी २०५ डॉलर. सहा जणांचं पथक धरा: ५१० अधिक १,२३०, म्हणजे १,७४० डॉलर. वकील लावला तर त्याचे वेगळे, संघटनेच्या पत्राचे थोडे वेगळे. घाई केली तर मात्र जलद निकालाची फी आहे, ती अडीच हजार डॉलरच्या वर जाते. म्हणजे महाग कायदा नाही, महाग आहे तो आपला आळस.

ज्या मंडळांच्या कार्यक्रमाला मराठी सिनेमाचे हिरो-हिरोइन येतात, त्यांचे कागद बरोबर होतात ना? तिथं वकील असतो, करार असतो, मॅनेजर असतो. मग गोंधळी आला की एकदम 'काका, पर्यटन लिहा' का? सांगा ना! एकाच स्टेजवर दोन कायदे कसे? मला उत्तर एकच दिसतं. हिरोचा मॅनेजर नाही म्हणू शकतो. आबा नाही म्हणू शकत नाहीत.

एक गोष्ट मान्य. अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा कायदा म्हणजे काही गीता नाही. तो अनेकदा उद्धट असतो. सरोदवादक उस्ताद अमजद अली खान, आयुष्यभर जगभर वाजवलेला माणूस. २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या कार्यक्रमासाठी त्यांना ब्रिटननं व्हिसा नाकारला होता. मोठ्या कलाकाराचं असं होतं तर लहानाचं काय, हा राग रास्तच आहे. पण त्या राष्ट्रांचा संशय आभाळातून पडलेला नाही, हेही बोलू. 'कबुतरबाजी' हा शब्द आपल्याच देशातला आहे. गायक दलेर मेहंदी यांच्यावरचा खटला आठवा. १९९८ आणि १९९९ मध्ये कार्यक्रमाच्या पथकातून माणसं अमेरिकेत नेऊन तिथंच सोडल्याचा आरोप, २००३ मध्ये पतियाळात गुन्हा, २०१८ मध्ये दोन वर्षांची शिक्षा. २०२२ च्या जुलैमध्ये वरच्या न्यायालयानं ती कायम केली, आणि सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. निकाल पुढे काय लागायचा तो लागो. पण ढोलकी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाकडे व्हिसा अधिकारी कशा नजरेनं बघतो, ते यातून समजतं. आपण पर्यटन लिहून पाठवलेला प्रत्येक आबा तो संशय आणखी पक्का करतो. पुढचा खरा कागद घेऊन जाईल, त्यालाही त्याचा भुर्दंड.

आता वाद्यांचं. कारण माणसाचा कागद झाला तरी वाद्याचा राहतोच, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणालाच काही माहीत नसतं.

तबला, ढोलकी यांची खोडं पुष्कळदा शिसवाची किंवा शिसमची असतात. ही झाडं ज्या कुळातली, त्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध २ जानेवारी २०१७ पासून आले. त्या काळात वाद्य बनवणारे आणि निर्यात करणारे हैराण झाले. मग जगभरच्या वादकांनी, वाद्य बनवणाऱ्यांनी, वाद्यवृंदांनी मिळून आवाज उठवला, आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हे का सांगतोय? कायदा बदलतो, पण ज्यांनी कागद-पुरावे घेऊन भांडण केलं त्यांच्यामुळे बदलतो. 'पर्यटन' लिहिणाऱ्यांमुळे नाही बदलत. जो लपून जातो त्याला भांडताच येत नाही.

कातड्याचा प्रश्न वेगळा. आपल्या संबळ-ढोलकीला बहुतेक बकरीचं कातडं. न्यू यॉर्कमध्ये २००६ साली आफ्रिकेतून आणलेल्या कच्च्या कातड्यांवर काम करणाऱ्या एका ढोल बनवणाऱ्याला अँथ्रॅक्स झाला होता. त्यामुळे केसाळ, कच्चं कातडं दिसलं की अधिकारी थांबवतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड तर याबाबतीत फारच कडक. तिथं उतरताना कार्डावर कातडं, लाकूड, भोपळा जे असेल ते लिहायचं. लिहिलं तर तपासतात, बहुतेक वेळा सोडतात. लपवलं तर दंड. इथंही तेच, खरं लिहिणं स्वस्त पडतं.

आणि दिमडी. वाघ्या-मुरळीच्या घरात पणजोबांच्या काळातली जुनी दिमडी असते, घोरपडीच्या कातड्याची. भक्तिभावानं जपलेली. ती विमानतळावर नेऊ नका, हात जोडून सांगतो. घोरपड आपल्या वन्यजीव कायद्यात सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहे आणि आंतरराष्ट्रीय यादीतही सगळ्यात कडक वर्गात. तिकडे जायच्या आधी मुंबईतच अडकाल. जुन्या तंतुवाद्यांची घोडी सांबरशिंगाची असेल, सजावट हस्तिदंताची असेल, तर तोच धोका. बकरीच्या कातड्याची दिमडी बनवून घ्या. खंडोबा रागावणार नाही.

महागाचं वाद्य असेल, म्हणजे मिरजेचा तंबोरा किंवा सतार (या दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय), तर जाताना मुंबईच्या कस्टम्सकडे नोंद करून निर्यातीचा दाखला घ्यायचा. नाहीतर परत येताना 'हे कुठं घेतलं, ड्युटी भरा' असा प्रश्न येऊ शकतो. पूर्ण पथकाचा लवाजमा असेल तर एटीए कार्नेट नावाची सोय आहे, म्हणजे सामानाचा पासपोर्टच म्हणा. भारतात ते फिक्की देते. यातलं कुणी आबांना सांगितलं होतं? मला तरी कुठं माहीत होतं!

आबांचा संबळ परत आला तेव्हा धाकट्या भांड्याचं कातडं फाटलेलं होतं. सामान फाटलं-मोडलं तर विमान कंपनीकडे सात दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. आम्हाला हे आठव्या दिवसानंतर कळलं. तक्रार वेळेत दिली तरी भरपाईला मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय करारानं ती २०२४ च्या डिसेंबर अखेरीपासून १,५१९ एसडीआर केली.  वाद्य त्याहून मोलाचं असेल तर चेक-इन करतानाच किंमत जाहीर करून जास्तीचे पैसे भरावे लागतात. २०१४ मध्ये अमजद अली खान यांचा सरोद लंडनहून येताना ब्रिटिश एअरवेजकडून हरवला होता. चार-पाच दिवसांनी सापडला, कारण देशभर बातम्या झाल्या. आबांच्या संबळाची बातमी कोण करणार? मी केली असती, पण त्यात माझंच नाव आलं असतं. ही माझी लायकी.

आता तिकडे राहणाऱ्या आपल्या पोरांना दोन शब्द. माळेगाव, मुसळगावच्या एमआयडीसीत बापानं शिफ्ट केल्या आणि पोरगा आज टेक्सासला, पोरगी न्यू जर्सीला, अशी घरं आपल्याकडे आता गल्लोगल्ली आहेत. त्यातली कितीतरी पोरं इथं तबल्याच्या परीक्षा दिलेली, ढोल-ताशा पथकात वाजवलेली. तिकडे शनिवार-रविवारी वाजवतात, अभिमान आहे. पण बाळांनो, एच-१बी ज्या कंपनीच्या नावावर आहे तिथलंच काम करायची परवानगी असते. मंडळात हौसेनं वाजवा, कुणी अडवत नाही. पाकीट घेतलं की ते काम झालं. शिकायला गेलेल्या एफ-१ वाल्यांनी तर फारच जपावं. आणि एच-४ वर नवऱ्याबरोबर गेलेल्या आमच्या भगिनी घरात गाण्याचा, तबल्याचा क्लास घेतात. कामाचा परवाना हातात नसेल तर ती फीसुद्धा बेकायदा कमाई ठरते. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी हे प्रश्न निघतात. ताई, तुमची विद्या चोरीची नाही, मग कमाई चोरीची का करायची?

आखातात जाणाऱ्या ऑर्केस्ट्रा आणि लावणीच्या पार्ट्यांचं दुखणं याहून वाईट. दहावी न झालेल्या कलाकाराच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो. अशा माणसाला आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. १९८३ चा कायदा आहे तो, आणि तो कलाकाराला छळायला नाही, त्याचा पगार बुडू नये म्हणून केलेला आहे. एजंट काय करतो? व्हिजिट व्हिसावर नेतो. मंजुरी नाही, करार नाही, पासपोर्ट त्याच्या कपाटात. पगार बुडाला तर दाद मागायची कुठं? फिरायला आलेल्या माणसाला पगार कसला?

आता सरकार. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८५ मध्ये अमेरिकेत 'भारत महोत्सव' झाले. देशभरचे लोककलाकार त्यात गेले. त्यांना कुणी पर्यटन लिहायला सांगितलं नव्हतं, कारण कागद दिल्लीनं केले होते. आजही अमेरिकेच्या नियमात एक फट आहे. कलाकाराला त्याच्या देशाच्या सरकारनं सांस्कृतिक देवाणघेवाणीत पाठवलं, खर्च सरकारनं केला आणि कार्यक्रमाला तिकीट नसलं, तर व्हिजिटर व्हिसासुद्धा चालतो. म्हणजे जे आबांनी खोटं बोलून केलं, ते सरकारच्या एका पत्रानं खरं झालं असतं. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून हेच काम करते, तिची कलाकारांची यादी असते. आपल्या जिल्ह्यातल्या किती गोंधळ्यांनी, शाहिरांनी, पावरीवाल्यांनी त्या यादीसाठी अर्ज केलाय? मी दहा जणांना विचारलं. परिषदेचं नावसुद्धा दहापैकी नऊ जणांनी ऐकलेलं नव्हतं. दहावा म्हणाला, "ते क्लासिकलवाल्यांचं असतं."

आमचे पुढारी फॉरेन दौऱ्यावर जातात तेव्हा तिकडच्या मंडळात सत्कार घेतात, संबळाच्या तालावर फेटे उडवतात. त्यातल्या एकानं तरी मागे वळून विचारलं का, हा वाजवणारा कुठल्या व्हिसावर आलाय? राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयानं जिल्ह्याला एक माणूस नेमावा, बस. तो कलाकाराची फाइल करेल: पासपोर्ट, ओळख, परंपरेचा इतिहास, जाणकारांची दोन पत्रं, वाद्याचं वर्णन. वृद्ध कलावंतांना मानधन देता, चांगलंच आहे. पण कलाकार वृद्ध व्हायच्या आधी त्याला चार पैसे इज्जतीनं कमावू द्या की.

शेवटी आमच्या धंद्याबद्दल. पी-३ च्या अर्जाला वर्तमानपत्राची कात्रणं लागतात म्हणालो ना? मी माझी गेल्या वीस वर्षांतली आबांवरची कात्रणं काढली. चार सापडली. एकातही त्यांचं पूर्ण नाव नाही. 'सुप्रसिद्ध संबळवादकाने उपस्थितांना मंत्रमुग्ध केले.' संपलं! कुठली परंपरा, कुणाकडून शिकले, कोणते ताल वाजवतात, एक ओळ नाही. उद्घाटकाचं नाव मात्र पदवीसह, आणि व्यासपीठावरच्या अकरा जणांची यादी. तो कागद कुठल्याही अधिकाऱ्यासमोर ठेवला तर तो काय समजेल? म्हणजे आबांना लागणारा पुरावा बनवायचं काम वीस वर्षं माझ्याकडे होतं आणि मी मंत्रमुग्ध होत बसलो.

तर आता काय करायचं, ते सांगून थांबतो.

एक. कलाकारांनो, बाहेरून बोलावणं आलं तर पहिला प्रश्न विचारा: व्हिसा कोणता, आणि अर्ज कोण करणार? उत्तर 'तुम्हीच व्हिजिटर काढा' असं आलं, तर राम राम म्हणा. कठीण आहे, मला माहीत आहे. दीड हजार डॉलर दिसत असतात.

दोन. मंडळांनो, कार्यक्रमाचं बजेट करताना डेकोरेशनच्या आधी कलाकाराच्या कागदाची ओळ लिहा. आणि मानधनावरचा कर, जो तिकडे परदेशी कलाकाराच्या पैशातून ३० टक्के कापला जातो, तो आधीच सांगा. नंतर हातात कमी पैसे ठेवून 'टॅक्स गेला काका' म्हणू नका.

तीन. इथल्या फॉर्म भरून देणाऱ्यांनो, सेतूवाल्यांनो, सायबर कॅफेवाल्यांनो, आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो: समोरच्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्याच्या वतीनं खोटं लिहायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. सही त्याची असते.

चार. मी माझ्यापुरतं ठरवलंय. तालुक्यातल्या प्रत्येक लोककलाकाराची नीट, पूर्ण नावानिशी, तारीख-वार, परंपरेसह एक बातमी करणार. महिन्याला एक. पहिली या महिन्यात येईल. कात्रण कलाकाराच्या घरी स्वतः नेऊन देणार.

परवा आबांकडे गेलो होतो. ही पोस्ट लिहिणार असल्याचं सांगितलं, परवानगी मागितली. म्हणाले, "लिहा भाऊ, पण माझं नाव नको. लोक हसतात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्या साहेबानं मला विचारलं, हे वाजवून दाखव. तिथं, त्या खोलीत. मी नाही वाजवलं. म्हटलं, फिरायला आलोय ना मी. फिरायला आलेला माणूस कसा वाजवल?"

संबळाला नवीन कातडं चढवलंय. तो पूर्वीसारखा बोलत नाही म्हणतात ते. मला तरी फरक कळला नाही. पण माझ्या कानाला काय कळतंय, मी तर फक्त फॉर्म भरणारा.

पटलं तर शेअर करा. तुमच्या ओळखीत तिकडच्या कुठल्या मंडळाचे पदाधिकारी असतील तर त्यांना टॅग करा, अडचणीत आलो तर माझा मी बघून घेईन. आणि कुणा कलाकाराला कागद समजून घ्यायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर ऑफिसात या. चहा माझा. पर्यटन मात्र लिहिणार नाही.